किनाऱ्यावरचा हाव

आमच्या गावातून समुद्र पाहायला जायचं तर आधी रेल्वे पाहायला जावं लागतं. बुलढाण्याला रेल्वे नाही. घाट उतरून मलकापूरला जायचं, तिथं गाडीची वाट पाहायची, मग मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा दुसरी गाडी धरून कोकण. माझ्या आईवडिलांनी समुद्र पाहिला नाही आणि पाहिला नाही याची खंतही त्यांना कधी वाटली नाही. अशा घरात एक मुलगी जन्मली आणि मोठी होऊन समुद्रातून किनाऱ्याशी बोलणारी यंत्रं बनवू लागली. ती आमची मुलगी. एकुलती. गेल्या कार्तिकात ती गेली.

तिच्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. तीन-चार वेळा बसलो, कागद तसेच राहिले. म्हणून तिनं समुद्रात सोडलेल्या शेवटच्या बोयाबद्दल लिहितो आहे. त्याच्याबद्दल लिहिताना निदान हात चालतो.

बोया म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेलं, कळशीएवढं, पिवळं, तरंगतं भांडं. वर छोटी सौर पट्टी, पोटात बॅटरी, खाली पाण्यात लोंबणारी उपकरणं. पाणी किती गार आहे, लाट किती उंच आहे, खारटपणा किती आहे हे तो मोजतो आणि आपण कुठं आहोत त्यासह दर तासाला किनाऱ्याला कळवतो. किनारा म्हणजे एका टेकडीवरची लोखंडी काठी, तिच्या टोकाला एक अँटेना आणि बुंध्याशी एक पेटी. मध्ये तार नाही, मोबाईलचा टॉवर नाही. नुसती हवा, आणि खाली मैलोन् मैल पाणी.

एवढ्या लांब इतक्या छोट्या बॅटरीवर बोलणं जातं कसं, हे तिनं मला आमच्या गच्चीत समजावून सांगितलं होतं. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, तेव्हा उदाहरणं माझ्या धंद्यातली घ्यायची तिची सवय होती.

"बाबा, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जावा म्हणून तुम्ही काय करायचात?"

"मोठ्यानं बोलायचो."

"आम्हाला मोठ्यानं बोलता येत नाही. बॅटरी पुरत नाही, आणि नियमातही ते बसत नाही. मग आम्ही हळू बोलतो."

"हळू म्हणजे बारीक आवाजात?"

"नाही. सावकाश. एकेक अक्षर ताणून. भोवती कितीही गलका असला तरी ताणलेलं अक्षर त्यातून वेगळं काढता येतं. जितकं लांब जायचं तितकं सावकाश बोलायचं."

माझी बायको पापड वाळत घालत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "वावरात हाक मारतो तसं. पल्याडच्या धुऱ्यावरच्या माणसाले हाक माराची तं लांबवाच लागते. ओऽऽ भाऊऽऽ. इतकं शिकून हेच शिकली काय व?"

"हाव," मुलगी म्हणाली.

आणि दोघी माझ्याकडं बघून हसल्या.

त्या हसण्याचं कारण सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात 'हो'ला 'हाव' म्हणतात. मीही म्हणत असे. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी काही विचारलं, मी उभा राहून "हाव" म्हणालो, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "कसली हाव रे?" सगळा वर्ग हसला. प्रमाण मराठीत हाव म्हणजे लोभ, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दोन्ही शब्द एकाच उच्चाराचे आहेत हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तो शब्द टाकला तो टाकलाच. परत आलो, इथंच नोकरी लागली, इथलीच बायको केली, पण तोंडात 'हो' राहिला. बायको पिंपळगाव राजाची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. ती लग्नानंतर दोन दिवस माझ्यासमोर 'हो' म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी तिला कंटाळा आला. मी तिला म्हणायचो, "अगं, हाव म्हणजे लोभ." ती म्हणायची, "मग मले लोभ हाये असं समजा." मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये वाढली. माझ्याशी 'हो', आईशी 'हाव'. मला चिडवायचं असलं की माझ्याशीही 'हाव'.

बोयाचं बोलणं एकतर्फी नसतं. बोया सांगतो, किनारा उलटून सांगतो की पोचलं. हे उत्तर फार छोटं असतं, बोया तेवढ्यासाठीच काही क्षण कान उघडा ठेवतो आणि मग पुढच्या तासापर्यंत झोपतो. उत्तर आलं नाही तर तेच पुन्हा सांगतो, जरा आणखी सावकाश. तरी नाही आलं तर आणखी सावकाश. आणि किती वेळा उत्तर मिळालं नाही ते मोजून ठेवतो, पुढच्या निरोपात तो आकडाही पाठवतो. उत्तर मिळालं की आकडा पुन्हा शून्य.

त्या उत्तराला प्रोग्रामात काहीतरी नाव द्यावं लागतं. तिनं 'हाव' दिलं. किनाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बोयाच्या प्रत्येक ओळीसमोर, उत्तर गेल्याची खूण म्हणून, हिरव्या अक्षरांत उमटायचं: हाव. हाव. हाव. तिनं मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अरबी समुद्राला वऱ्हाडी येते."

पहिली चाचणी मात्र अरबी समुद्रात झाली नाही. आमच्या इथं झाली. ती सुटीवर आली होती, सोबत एक बोया आणि एक पेटी. बुलढाणा पठारावर आहे. घाटाच्या कडेला उभं राहिलं की खाली सगळं मैदान धुरकट पसरलेलं दिसतं, आणि त्यात कुठंतरी पिंपळगाव राजा. तिचं म्हणणं, किनाऱ्यावरच्या टेकडीवरून समुद्र दिसतो तसंच हे आहे. बोया तिनं आईबरोबर मामाच्या शेतात पाठवला, आणि आम्ही दोघं पेटी घेऊन कडेवर जाऊन बसलो. मी वाचायला पुस्तक घेतलं होतं. माकडांनी शेंगदाणे नेले. निरोप काही येईना.

तिनं फोन केला.

"आई, चालू केलं का?"

"हाव. तांबडा लाइट लागून राह्यला."

"कुठी ठेवला?"

"इहिरीत."

"इहिरीत?"

"दोरानं सोडला. चांगला तरंगून राह्यला. तुह्या मामानं मोटर बी बंद ठेवली."

मुलगी कपाळाला हात लावून खाली बसली. खोल विहिरीच्या तळातून रेडिओचं बोलणं बाहेर येणार कसं? पण आईचंही बरोबर होतं. त्या भागात पोरांना पोहायला शिकवतात ते विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. तिनं बोया पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्याचं नाव भोपळा ठेवलं होतं, आणि भोपळा विहिरीत नाही टाकायचा तर कुठं टाकायचा?

"आई, बाहेर काढ त्याले. हौदात ठेव."

"हौद वीतभर खोल. बुडन कसा त्यात?"

"बुडवाचा नाई हाये, आई! त्याले आभाळ दिसलं पाह्यजे."

"मंग आधी सांगाव ना, बाप्पा."

बोया हौदात आला. चाचणीपुरतं तिनं त्याला दर मिनिटाला बोलायला लावलं होतं. थोड्या वेळानं पेटीच्या पडद्यावर एक ओळ उमटली. पाण्याचं तापमान, लाटेची उंची शून्य, अनुत्तरितांचा आकडा बराच मोठा. पेटीनं उत्तर पाठवलं. पुढच्या ओळीत तो आकडा शून्य झाला होता. मुलीनं ओरडून मला मिठी मारली. एवढी मोठी झाल्यावर तिनं मला मिठी मारल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही. फोनवर आईला म्हणाली, "आई, भोपळा मिळाला!" शून्याला शाळेत आम्ही भोपळाच म्हणतो. आई म्हणाली, "मले वाटलं पास झाली."

हे सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. यापुढं असं काही नाही.

दिवाळीनंतर तिला ताप आला. तिकडं, किनाऱ्यावरच्या शहरात. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलीनं फोन केला तेव्हा ती दवाखान्यात होती, आणि आम्ही मलकापुरात गाडीची वाट पाहत होतो तेव्हा ती बेशुद्ध झाली. ताप मेंदूत गेला होता. आम्ही पोचलो तर तिच्या तोंडात नळी, छाती यंत्रानं वरखाली होत होती. डॉक्टर भले होते. म्हणाले, "बोला तिच्याशी. ऐकू येत असेल. सांगता येत नाही, एवढंच."

बायकोनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "माय, आम्ही आलो. ऐकू येते का? हाव म्हण. डोये नको उघडू, नुसतं हाव म्हण."

थोडं थांबून पुन्हा. पुन्हा. आणि मग ती प्रत्येक वेळी आणखी सावकाश बोलू लागली. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. ती काय करते आहे ते मला समजलं, तिलाही समजत असावं. एकेक अक्षर ताणून ती म्हणत होती, "ऐऽकू येऽते का, माऽय." नर्स येऊन थांबली आणि परत गेली.

उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी यंत्र काढलं.

घरी परतल्यावरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. लोक आले, बसले, गेले. मी जन्मभर पुस्तकांत राहिलेला माणूस. दुःखावर लिहिलेलं किती वाचलं असेन, वर्गात किती शिकवलं असेन. त्यातली एक ओळ कामी आली नाही. कपाटातली पुस्तकं पाहिली की मला ती दुसऱ्या कोणाची वाटत. बायको घरकाम करायची आणि बोलायची नाही. माझ्याशी भांडण नव्हतं. बोलायचं कोणाशी, असं तिला वाटत असावं.

मग तिकडच्या त्या सहकारी मुलीनं एक गोष्ट केली. बोयाच्या ओळी जिथं उमटतात ते पान माझ्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी व्यवस्था तिनं लावून दिली. म्हणाली, "काका, हा तिनं स्वतः सोडलेला शेवटचा बोया. बाकीचे काढून आणले. हा प्रकल्प संपेपर्यंत राहील. बघावंसं वाटलं तर बघा."

ती गोव्याच्या बाजूची. एकदा फोनवर तिनं विचारलं, "काका, हाव म्हणजे काय हो? तिनं कधी सांगितलं नाही. आमच्या कोंकणीत हांव म्हणजे मी. मला वाटायचं, किनारा त्याला सांगतो, मी. म्हणजे, मी आहे इथं."

मी म्हणालो, "आमच्याकडं त्याचा अर्थ हो असा आहे."

"असं होय," ती म्हणाली. तिचा थोडा हिरमोड झाल्यासारखा वाटला.

मी बायकोला पान दाखवलं. तिला मोतीबिंदूमुळं पडद्यावरचं नीट वाचता येत नाही, पण हिरवं दिसायचं. सकाळी चहा झाला की ती येऊन खुर्चीमागं उभी राहायची.

"बोलून राह्यला का भोपळा?"

"बोलतो आहे."

"अन हाव भेटून राह्यला का त्याले?"

"हो. मिळतो आहे."

एवढंच. पण एवढं ती रोज बोलायची, आणि घरात दिवसाची सुरुवात त्या बोलण्यानं व्हायची. समुद्राचं पाणी आज किती गार आहे हे मी तिला सांगायचो, ती म्हणायची, "थंडी पडली म्हणा तिकडं बी." तिकडं थंडी पडत नाही. मी ते सांगायचो नाही.

माघात बोयाचा दोर तुटला.

आधी मला कळलं नाही. ओळी येत होत्या, हिरवं उमटत होतं. नंतर लक्षात आलं की प्रत्येक ओळीत जागा बदलते आहे. मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "हो काका, नांगर सुटला. वारा जमिनीकडून आहे, बाहेर चाललाय." होडी पाठवली का, असं मी विचारलं. पाठवली होती. दिवसभर शोधून होडी परत आली. एवढंसं पिवळं भांडं, लाटांत दिसत नाही. बोयानं जागा सांगितल्यावर तिथं जाऊन पोचेपर्यंत तो पुढं गेलेला असतो. पुन्हा होडी पाठवायला संस्था तयार नव्हती, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते एक जुनं भांडं होतं.

बोया लांब जाऊ लागला तसा सावकाश बोलू लागला. तिनं शिकवलं होतं तसा. ओळीच्या शेवटी तो किती सावकाश बोलला त्याचा एक अंक असतो. तो अंक वाढत गेला. पूर्वी जे डोळ्याची पापणी लवावी तितक्या वेळात सांगून व्हायचं, त्याला आता त्याच्या हिशेबानं फार वेळ लागत होता. आणि मग एका सकाळी ओळीसमोर हिरवा हाव होता, पण पुढच्या ओळीत अनुत्तरितांचा आकडा शून्य नव्हता. त्याच्या पुढच्या ओळीत तो वाढला होता.

मी पुन्हा फोन केला.

"म्हणजे किनारा हाव पाठवतो आहे, पण त्याला पोचत नाही?"

"तसंच, काका. आपला कान टेकडीवर आहे, मोठा आहे. त्याचा कान बोटाएवढा आणि पाण्याला टेकलेला. कदाचित आत खारं पाणीही गेलं असेल. आपल्याला तो ऐकू येतोय. त्याला आपण ऐकू येत नाही."

"मग आता?"

"सावकाश बोलायला बॅटरी जास्त लागते. उत्तर येत नाही म्हणून तो सगळ्यात सावकाश बोलतोय. संपेल ती."

बायको मागं उभी होती. फोनमधलं तिला ऐकू आलं नव्हतं, पण माझं आलं होतं.

"काय पोचत नाई त्याले?"

मी सांगितलं. खोटं सांगण्याचं तेव्हा सुचलं नाही. तिनं खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाली, "म्हंजे तो हाका मारून राह्यला, अन त्याले वाटते कोणीच नाई."

"यंत्र आहे ते. त्याला काही वाटत नाही."

"मले सांगू नका काय वाटते अन काय नाई." बऱ्याच दिवसांत तिनं आवाज चढवला नव्हता. "तिनं दवाखान्यात ऐकलं का नाई, ते आपल्याले आता कोणी सांगणार नाई. हे तरी होऊ द्या. जाऊ द्या त्याले कुठी जाते तं, नाई म्हणत नाई मी. पण एक डाव हाव भेटला पाह्यजे. एक डाव. त्या पोरीले सांगा."

ती मागत होती ते एवढंसं होतं. जगात कोणाचं काही बिघडणार नव्हतं, कोणाचं भलंही होणार नव्हतं. पण मला माहीत होतं की माझ्या घरात उरलेलं सगळं आता त्या एका शब्दावर येऊन थांबलं आहे. शब्दकोशात हाव स्त्रीलिंगी आहे, अर्थ लोभ. पुण्याच्या त्या वर्गानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की त्या दोन शब्दांत फार अंतर नसावं.

मी त्या मुलीला सांगितलं. वाटलं होतं, ती समजूत घालील. ती म्हणाली, "काका, टेकडीपेक्षा उंच एक जागा आहे. समुद्रात शिरलेला कडा आहे, वर जुना बुरूज. तिथं पेटी नेते. अँटेना एकाच दिशेला रोखणारी लावते, आणि जितकं सावकाश बोलता येईल तितकं सावकाश बोलते. बघू." मग म्हणाली, "मलाही पाहिजेच आहे."

रविवारी ती गेली. पेटी, बॅटरी आणि अँटेना स्वतः वाहून कड्यावर चढली. सकाळपासून ऊन होतं. आमच्या अंगणात बायकोनं मेथीच्या जुड्या घेऊन बसायचं ठरवलं. पिंपळगावहून तिच्या भावानं पाठवलेली भाजी होती, चार घरांना पुरेल इतकी.

"आत येतेस?" मी विचारलं.

"नाई. मी नाई पाहत. तुम्ही पाहा अन मले सांगा."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो, कानाला फोन. तिकडं वाऱ्याचा आवाज इतका होता की त्या मुलीचं निम्मं बोलणं उडून जात होतं.

"काका, त्याच्या बोलण्याची वेळ होत आली. तो बोलला की लगेच मी पाठवणार. मागच्यापेक्षा वेगळं काही दिसायचं असेल तर ते पुढच्या ओळीत दिसेल. शून्य आलं पाहिजे."

परीक्षेच्या पेपरांवर मी शून्यं दिलेली आहेत. ती देताना वाईट वाटायचं. एक शून्य मिळावं म्हणून असा डोळे लावून बसेन, हे कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

ओळ आली. तापमान, लाट, खारटपणा, जागा. बॅटरी तळाला. अनुत्तरितांचा आकडा मोठा. समोर हिरव्या अक्षरांत उमटलं: हाव.

"पाठवला," ती ओरडली. "काका, पाठवला. आता थांबायचं."

थांबायचं म्हणजे पुढचा एक तास. ती कड्यावर वाऱ्यात, मी इथं. फोन आम्ही ठेवला नाही, पण बोललोही नाही. मधूनच ती म्हणायची, "आहात ना?" आणि मी म्हणायचो, "आहे." खिडकीतून बायकोची पाठ दिसत होती. ती एकेक काडी उचलून पानं खुडत होती, आणि एकदाही तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्या तासात मी मुलीचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. चेहरा येत होता, आवाज येत नव्हता. गच्चीतलं ते "हाव" मी ऐकलं होतं, ते हसणंही ऐकलं होतं, पण आता शब्द होते आणि त्यांना आवाज नव्हता.

मग ओळ आली. अर्धवट. तापमान होतं, लाट नव्हती, खारटपणाच्या जागी काहीतरी वेडेवाकडे आकडे. अनुत्तरितांचा आकडा मात्र नीट आला होता. आधीच्यापेक्षा एकानं जास्त.

"काका?"

मी सांगितलं.

वाऱ्याचा आवाज येत राहिला. नंतर तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. "अजून थांबते मी," ती म्हणाली, आणि थांबली. पुढच्या तासाला ओळ आली नाही. त्याच्या पुढच्या तासालाही नाही. उन्हं कलली तेव्हा मी तिला म्हटलं, "उतर आता. अंधार व्हायच्या आत उतर." ती मुलगी कोणाची तरी आहे, तिच्याही घरी कोणी वाट पाहत असेल.

ती म्हणाली, "काका, काकूंना सांगा मिळाला म्हणून. त्यांना कुठं कळतंय? कोणाचं काय जातं?"

मी फोन ठेवला. पडद्यावर ती शेवटची अर्धी ओळ तशीच होती, आणि तिच्यासमोर किनाऱ्याचं उत्तर, हिरवंगार. किनाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर काही चुकलेलं दिसत नव्हतं.

मी दारात आलो. भाजी अजून संपली नव्हती. किंवा निवडून झालेली तीच पुन्हा निवडत होती, मला कळलं नाही.

"भेटला का त्याले?" तिनं विचारलं. मान खालीच होती.

मी वाटेत ठरवलं होतं की हो म्हणायचं. 'हो, मिळाला', असं नेहमीसारखं. पण तोंड उघडलं आणि जे आलं ते वेगळंच आलं.

"हाव," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. मोतीबिंदूच्या त्या डोळ्यांना माझा चेहरा किती दिसला असेल कोण जाणे. पुष्कळ वेळ पाहत होती.

"लगन झाल्यापासून तुमच्या तोंडून हाव नाई ऐकला," ती म्हणाली. "आजच काऊन?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं मान खाली घातली आणि जुडी पुढं ओढली. पानं खुडून ती बाहेर टाकत होती आणि काड्या परातीत जमा करत होती. मला दिसत होतं. मी दारात उभा राहिलो आणि काही दुरुस्त केलं नाही.